वेताळाची अंघोळ

मुखवट्यात सोमल आहे हे अनघाला तो परत देण्याच्या समारंभाच्या चांगलं आठवडाभर आधी कळलं होतं. आणि तिने ते सांगितलं कुणाला? तर प्रबोध सरांना. म्हणजे दरोड्याची फिर्याद दरोडेखोराच्याच दारात नेली म्हणायची.

अनघा मूळची पुण्याची. सिंगापूरच्या एका खासगी संग्रहालयात जुन्या वस्तूंची निगा राखायची हे तिचं काम. संग्रहालय म्हणजे कुणा क्रॉली साहेबाची कमाई. कमाई कसली, लूटच! हा साहेब दीडशे वर्षांपूर्वी जगभरच्या डोंगरदऱ्या हिंडला आणि जाईल तिथलं आदिवासींचं काहीबाही उचलून पेटाऱ्यात भरत गेला. जव्हारच्या डोंगरातून त्याने वेताळाचा लाकडी मुखवटा उचलला. पुढे कीड लागू नये म्हणून कुणीतरी त्याला आतून-बाहेरून सोमल चोळला. तेव्हा तशी पद्धतच होती. सोमल म्हणजे उंदीर मारायचं जहर, आणि लाकडात मुरलेलं हे जहर वर्षं गेली म्हणून कमी होत नाही. अनघाने तपासणीचं यंत्र मुखवट्याच्या आत, जिथे माणसाचं नाक-तोंड येतं तिथे धरलं. आकडा असा काही चढला की तिने घाबरून आधी हातमोजे बदलले.

“सर, हा कुणी तोंडाला लावला तर जीव जाईल त्याचा,” ती म्हणाली.

प्रबोध सर संग्रहालयाचे संचालक. तेही पुण्याचेच. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. “काहीतरीच तुझं! अगं, मोठमोठी माणसं येणार आहेत. पेपरवाले येणार आहेत. ‘सन्मानाने परत’ असे फलक लागलेत सगळीकडे. त्यात तुझं हे विष कुठे बसवू मी? मुखवटा न्यायला येणारे पाहुणे गावी परत पोचले की सावकाश फोन करून सांगू.”

“पण सर...”

“तुझा वर्क पास रिन्यूला आलाय ना गं? आणि सारंगला लागली का कुठे नोकरी?”

झालं! नाक दाबलं की तोंड उघडतं म्हणतात, इथे उलटं झालं. सारंग, म्हणजे अनघाचा नवरा, दिवाळीपासून घरी बसलेला. टॅम्पिनीसचा भाड्याचा फ्लॅट, ऋताची शाळा, सगळं अनघाच्या पासवर, म्हणजे नोकरीच्या परवान्यावर उभं. तिने तोंड मिटलं. मिटलं ते मिटलंच.

आता ज्यांचा मुखवटा, त्यांचं ऐका. बेबीताई भोये आणि तिचा मुलगा संजीव. कोकणा आदिवासी. त्यांच्या गावात बोहाडा होतो, म्हणजे देवांची सोंगं रात्रभर नाचतात, आणि प्रत्येक सोंगाचा मान एकेका घराचा असतो. वेताळाचा मान भोयांचा. त्यांचा रिवाज असा की मुखवटा फुटला तर नवा करायचा, पण कुणी नेला तर नवा करायचा नाही. देव जिवंत असताना दुसरा कसा घडवायचा? वाट बघायची. तेव्हापासून भोयांच्या घरचा पुरुष चेहऱ्याला काळं फडकं बांधून वेताळ नाचत आला. संजीवचा बाप तसाच नाचला, तसाच गेला. गाव हसायचं. “भोयांचा देव साहेबानं नेला, भोयांना फडकं दिलं,” असं पोरंसोरं ओरडायची. यंदा संजीव मुखवटा घालून नाचणार होता. बेबीताईला आयुष्यात दुसरं काही नको होतं.

“हॉटेल कशाला? आपलीच माणसं,” असं म्हणून प्रबोध सरांनी दोघांना अनघाच्या गळ्यात मारलं. बेबीताईने आल्या आल्या नागलीच्या पापडांचं बोचकं ऋताच्या हातात दिलं. ऋता नऊ वर्षांची, मराठी ऐकणार आणि उत्तर सिंगापुरी, वाक्याला ‘लाह’ जोडलेल्या इंग्रजीत देणार. तरी दोघींचं असं जमलं की बेबीताई तिला ‘माझी बाय’ म्हणायला लागली. संजीव गोरागोमटा, लाजाळू. शाळेवर शिक्षक होता. लिफ्टमध्ये शिरतानासुद्धा चपला काढू का विचारायचा.

समारंभ झाला. भाषणं झाली, टाळ्या झाल्या. प्रबोध सर गहिवरले. हो, अगदी कॅमेऱ्याकडे तोंड करून गहिवरले. मुखवटा पांढऱ्या पेटीतून बेबीताईच्या हातात आला, तेव्हा तिने तो पेटीसकट छातीशी धरला आणि घरी पोचेपर्यंत मांडीवरून खाली ठेवला नाही. शेजारी बसलेली अनघा सबंध वाटभर खिडकीबाहेर बघत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारचं विमान. सकाळीच प्रबोध सरांचा फोन. “मी येतोय. संजीवचा मुखवटा घातलेला व्हिडिओ हवा. जरा नाचू दे त्याला खाली बिल्डिंगसमोर.”

अनघाने फोन ठेवला. आता सांगायचं की नाही? सारंग मुलाखतीला बाहेर गेलेला, हॉलमध्ये बेबीताई पेटीजवळ बसलेली. सांगायला काय लागतं हो? ‘ताई, यात विष आहे.’ एवढंच तर वाक्य. पण बेबीताई ते लगेच सरांना विचारणार, सर अनघाकडे बघणार, आणि मग पास, फ्लॅट, शाळा! तेव्हा अनघाने हुशारी केली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे ती स्वतःच ऋताला सांगायची.

“बेबीताई,” ती म्हणाली, “इतकी वर्षं परमुलखात राहिलाय देव. कुणाकुणाचे हात लागलेत. धुतल्याशिवाय संजीवच्या तोंडावर चढवू नका हं.”

तिचा हिशेब साधा होता. ओलं लाकूड कुणी चेहऱ्याला बांधत नाही. वाळेपर्यंत विमानाची वेळ होईल, व्हिडिओ राहून जाईल, आणि गावी पोचल्यावर ती स्वतः संजीवला गुपचूप फोन करून खरं सांगेल. साप मरेल आणि काठीही तुटणार नाही.

बेबीताईने तिचे दोन्ही हात धरले. “ताई, तुमाला कळतं बघा. आमच्या मनात होतंच. गावच्या नदीवर करणार होतो. पन तुमी म्हनता तर हितंच करू.”

अनघा हलक्या मनाने आत गेली. अंघोळ करून ऋताची वेणी घालायला बसली. मधेच ऋता उठून गेली आणि परत आली. “मम्मी, आंटी वॉन्ट्स मिल्क. अँड दॅट बिग स्टील थाळी.”

“दे की. चहा करत असतील,” अनघा म्हणाली.

चहाला परात कशाला लागते, एवढं तरी मनात यायला हवं होतं! हिच्या घरी रोज देवांची पूजा. ताम्हनात देव न्हायचे, ते पाणी तीर्थ म्हणून सगळ्यांच्या तळहातावर पडायचं. आईच्या कडेवर असल्यापासून तीर्थ प्यायलेली बाई ही. पण बाहेर परातीत होता तो तिच्या लेखी देव नव्हताच. ती संग्रहालयातली वस्तू होती, तिला आकडा होता, तपासणीचा निकाल होता. वस्तूचं कुठे तीर्थ होतं? हिच्या ध्यानातच आलं नाही.

बाहेर बेल वाजली. प्रबोध सरांचा आवाज आला, “वा वा, चालू द्या! मी शूट करतोय.” मग बेबीताई तिच्या बोलीत काहीतरी संथ गाऊ लागली. ऋता अर्ध्या वेणीनिशी पळाली. अनघा रबरबँड शोधत बसली, आणि मग गाणं थांबलं म्हणून बाहेर आली.

परातीत वेताळ उताणा पडलेला. दूध-पाण्याला मातकट रंग आलेला. संजीव गुडघ्यावर बसून तोंड पुसत होता. देव न्हालेलं ते पाणी आधी मानकऱ्याने प्यायचं, आणि तेही तीन ओंजळी. त्याने घेतलं होतं. मानकऱ्यानंतर घरातलं लेकरू. बेबीताईने पळी उचलली आणि ऋताने उजवा तळहात पुढे केला, आईने शिकवला होता तसा, डावा खाली धरून. प्रबोध सर फोन डोळ्यासमोर धरून म्हणत होते, “बेटा, जरा इकडे वळ.”

या माणसाला सगळं ठाऊक होतं. तरी तो म्हणत होता, इकडे वळ.

अनघा किंचाळली. धावत येऊन तिने ऋताच्या हातावर अशी चापट मारली की पाणी भिंतीवर उडालं. पळी घरंगळत सोफ्याखाली गेली.

“मम्मी! व्हाय लाह!” ऋता रडायला लागली.

“विष आहे त्यात! सोमल आहे!” अनघाच्या तोंडून गेलं. आठवडाभर न निघालेलं वाक्य एका श्वासात बाहेर पडलं. निघणारच! आपला तो बाब्या नि दुसऱ्याचं ते कार्टं.

बेबीताईने आधी परातीकडे पाहिलं, मग संजीवकडे. “तुमाला ठावं व्हतं?”

अनघा ऋताचा तळहात पुसत सुटली.

प्रबोध सरांनी फोन खिशात घातला. “अनघा!” ते गरजले. “तू हे मला का नाही सांगितलंस?”

तेवढ्यात संजीव उठला. “आये, मला कसंतरी होतंय,” म्हणाला आणि बेसिनपर्यंत पोचायच्या आत ओकला. पुसायला फडकं मागत होता बिचारा, दुसऱ्याची फरशी खराब झाली म्हणून. बेबीताईने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. घशात बोटं घाल, ओक, ओक, असं ती सांगत राहिली. अँब्युलन्स येईस्तोवर त्याचे पाय गोळे येऊन वळले होते.

नोव्हेनाच्या हॉस्पिटलात चौथ्या दिवशी संजीव गेला. संग्रहालयाने दुःख व्यक्त केलं. मुखवटा त्यांनी परत नेला, लोकांच्या जिवाची काळजी म्हणून. तो आता काचेत आहे. पाहुण्यांनी न सांगता घरगुती विधी केला, असं प्रबोध सरांनी सगळीकडे सांगितलं, आणि अनघाने मान डोलावली. तिचा पास वाढला.

बेबीताई निघाली त्या दिवशी अनघा विमानतळावर गेली. मुलगा पेटीतून पुढे गेला होता. आईच्या हातात तेच बोचकं, आता रिकामं. अनघाला वाटत होतं, बाईने शिव्या द्याव्यात, चार माणसांत थोबाडीत मारावी. त्यासाठीच ती आली होती. पाय धरायला ती वाकली, तर बेबीताई मागे सरकली.

“पोरगी बरी हाय ना?” तिने विचारलं.

“बरी आहे,” अनघा म्हणाली.

“तिच्या हातावर किती झटकन मारलंत तुमी,” बेबीताई म्हणाली आणि रांगेत पुढे गेली.