कारण लिहायला जागा नव्हती

मित्रांनो, नालोमा बेटावरच्या मासळी केंद्रात, खिडकीशेजारी खिळ्याला टांगलेला काळा डबा दिसतो ना, तो मी. वायरलेसचा जुना संच. म्हातारा म्हणा, माझी हरकत नाही. बिघडलेला मात्र म्हणू नका. मी आजही ठणठणीत आहे. ऐकणारंच कोणी उरलं नाही, त्याला मी काय करू?

माझा जन्म सिडनीच्या कारखान्यात झाला. तिथून बोटीनं आमच्या राजधानीला, सुव्याला आलो आणि सुव्याहून इथं. मला भिंतीवर लावलं उनाइसीनं. ही या केंद्राची कर्तीधर्ती बाई. आवाज खणखणीत, हसणं त्याहून मोठं. गावातल्या बायका मासळी पकडून आणायच्या. ती तोलून, बर्फात ठेवून सुव्याच्या कंपनीला पाठवायचं काम तिचं. बर्फ घेऊन येणाऱ्या आणि मासळी घेऊन जाणाऱ्या बोटीवर वाइसाके कप्तान होता. तो उनाइसीचा मामेभाऊ. आमच्याकडे सख्ख्या बहीणभावांनी एकमेकांशी जपून बोलायचं असतं, पण आते-मामे भावंडांनी एकमेकांची यथेच्छ टर उडवायची. नाही उडवली तर लोक विचारतात, भांडलात की काय?

रोज सकाळी प्रार्थना आटोपली की मी सुरू व्हायचो. चार बेटं, वाइसाकेची बोट आणि सुव्याची कचेरी, सगळ्यांचं बोलणं सगळ्यांना ऐकू जायचं. तांबोशी कुणाला लागली, मैदा कुणाकडे संपला, लग्न कुठं आहे, कुणाची होडी फुटली, सगळं. ते ऐकून वाइसाके ठरवायचा की आधी कुठं जायचं आणि बर्फ किती भरायचा. कचेरी हॉटेलांना आधीच सांगून ठेवायची. मासळी सहसा वाया जात नसे.

"जागी आहेस का गं म्हातारे, की तुझ्या घोरण्यानं मासे पळाले?" वाइसाके विचारायचा.

"तुझ्या बोटीच्या वासानं पळाले रे," उनाइसी म्हणायची. "आंघोळ घाल तिला. आणि जमलं तर तूही कर."

मग चारही बेटं बटण दाबदाबून हसायची. माझ्या पोटात नुसती खरखर माजायची. तेव्हा मला वाटायचं, आपला जन्म सार्थकी लागला.

आता एक रिवाज सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. गावचा मुखिया वारला की गाव आपल्या हद्दीतला समुद्र बंद करतं. खडकावर एक फांदी रोवली की शंभर रात्री तिथं कुणी जाळं टाकत नाही. शंभर रात्री सरल्या की समुद्र उघडतो, मोठं जेवण होतं आणि मासळी अशी लागते की होड्या वाकतात. मागे शेजारच्या बेटावर असं झालं, तेव्हा वाइसाकेनं माझ्यावरच ऐकलं होतं. त्यानं तिकडे बर्फ नेणं थांबवलं, मैदा आणि रॉकेल नेलं, आणि समुद्र उघडायच्या दिवशी बोट बर्फानं भरून किनाऱ्याला लावली. त्यात कुणाला काही विशेष वाटलं नव्हतं.

मग कंपनीत एपेली साहेब आले. माणूस वाईट नव्हता. आपलाच, सुव्यात शिकलेला. ते म्हणाले, बर्फ, बोट, बेटं, हॉटेलं, सगळी साखळी एका ठिकाणी जोडली की धंदा सुधारतो. मला हसू आलं. इतकी वर्षं मी दुसरं काय करत होतो? पण माझ्यावर गप्पाच फार होतात, असा ठपका आला. प्रत्येक केंद्राला हातात मावेल असं चकचकीत यंत्र मिळालं. रोजच्या मासळीचा आकडा त्यात भरायचा, पुढचं सगळं यंत्र ठरवणार. बोटीवरचा माझा जोडीदार संच काढून नेला. त्याच्या जागी बोट कुठं आहे ते सुव्याला दाखवणारं यंत्र बसलं. मला काढायचेही कष्ट कुणी घेतले नाहीत.

त्याच वर्षी नालोमाचे म्हातारे मुखिया वारले. फांदी रोवली गेली. उनाइसीनं यंत्रात शून्य भरलं. दुसऱ्या दिवशी शून्य. रोज शून्य. शून्य का, ते लिहायला त्यात जागाच नव्हती.

टेकडीवर चढलं की फोन लागतो. ती दोनदा चढली. मुखिया वारलेत, समुद्र बंद आहे, शंभर रात्रींनंतर खूप मासळी येईल, तेव्हा बोट आणि बर्फ हवा, हे तिनं कचेरीतल्या मुलीला नीट सांगितलं. मुलगी गोड बोलली. नोंद केलीय म्हणाली, बोट येईल म्हणाली. उनाइसीनं खाली येऊन बायकांना तोच शब्द दिला. "हवी तेवढी मासळी आणा, बर्फ मी आणते." बायकांनी जाळी विणून ठेवली, कारण उनाइसीचा शब्द आजवर खोटा ठरला नव्हता.

समुद्र उघडला. दुपारपर्यंत केंद्रासमोर मासळीचे ढीग लागले. उनाइसीनं यंत्र उघडलं, तर त्यात लिहिलेलं होतं की हे केंद्र बंद आहे. इतके दिवस शून्य आवक, म्हणून त्यानं नालोमाला मार्गातूनच काढून टाकलं होतं. टेकडीवर जाऊन फोन करावा तर कचेरीला सुट्टी.

तेवढ्यात क्षितिजावर बोट दिसली. वाइसाकेचीच. दुसऱ्या बेटाकडे चालली होती.

उनाइसी धावत माझ्याकडे आली. किती महिन्यांनी तिनं माझं बटण दाबलं. "वाइसाके, वळ रे! वाइसाके, ऐकतोस का?" मित्रांनो, मी जीव तोडून तिचा आवाज पाठवला. एक शब्द गाळला नाही. पण त्या बोटीवर तो घ्यायला कुणी नव्हतं. बायकांनी ओल्या झावळ्या पेटवून धूर केला. बोट गेली.

दुसऱ्या दिवशी मासळी वाळूत पुरली. मुखियाच्या नावानं उघडलेल्या समुद्राची मासळी! बायका नुसत्या आपापल्या टोपल्या उचलून घरी गेल्या. त्यानंतर त्यांनी तिच्या दाराशी मासळी आणली नाही.

काही दिवसांनी वाइसाके सुट्टी घेऊन, दुसऱ्याची होडी मागून आला. दारातच उभा राहिला. "धूर दिसला गं मला. वाटलं, जेवणाच्या चुली पेटल्यात. केंद्र बंद झालं असं सांगितलं होतं आम्हाला. आणि मार्ग सोडला की यंत्र लगेच चुगली करतं, मागे एकदा तंबी मिळाली होती." मग तो, ती आता आपल्याला काय काय म्हणेल, याची वाट बघत राहिला. शेवटी कसंनुसं हसून म्हणाला, "शिव्या दे ना गं म्हातारे. आंघोळ करून आलोय."

उनाइसीनं त्याला बसायला चटई दिली.

"बसा, कप्तान," ती म्हणाली. "चहा घेणार का तुम्ही?"

इतकी वर्षं मी त्यांचं बोलणं वाहिलं. 'तुम्ही' हा शब्द त्यात कधी आला नव्हता. वाइसाकेनं चहा घेतला नाही.

कंपनीचा धंदा त्या वर्षी सुधारला. हॉटेलांना मासळी वेळेवर मिळाली, एपेली साहेबांचं कौतुक झालं. त्यात खोटं काही नाही. नालोमाचं नुकसान कुठल्याच आकड्यात आलं नाही, कारण नालोमा मार्गावरच नव्हतं.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसू नका. मला भिंतीवरून काढून फेकलंत तरी चालेल. तुम्ही मोठे व्हाल, माझ्याहून चांगली यंत्रं बनवाल, सगळं जग एकमेकांना जोडाल. खुशाल जोडा. फक्त कुणी शून्य सांगितलं, तर पुढं सरकण्याआधी एकदा विचारा, "का गं, काय झालं?"