झेंडा पडेपर्यंत

मित्रांनो, मी एक जुने घड्याळ आहे, पण भिंतीवरचे नव्हे आणि मनगटावरचेही नव्हे. मी बुद्धिबळाचे घड्याळ आहे. एका लाकडी पेटीत शेजारी शेजारी दोन तबकड्या, वर दोन बटणे, मागे दोन चाव्या. खेळाडूने चाल करून बटण दाबले की त्याची बाजू थांबते आणि समोरच्याची चालू होते. वेळ संपली की काट्यावर अडकलेला छोटा लाल झेंडा खाली पडतो, आणि ज्याचा झेंडा पडला तो हरतो. एवढे साधे माझे काम. आणि सुरुवातीलाच सांगून टाकतो, माझा स्वभाव मत्सरी आहे. तो जन्माचा नाही. एका मोबाईलने तो असा केला.

दीपनगरच्या वीज केंद्रात लीलाधरभाऊ नोकरीला लागले तेव्हा त्यांनी मला विकत आणले. संध्याकाळी कॉलनीच्या क्लबमध्ये पाच-पाच मिनिटांचे डाव रंगायचे. पहिली पाळी करून आलेले लोक अंघोळ न करताच पटावर बसायचे. माझ्या डोक्यावर अशा थापा पडत की दुसऱ्या कुणाचे खिळे निखळले असते, पण मला त्यांचा अभिमान होता. "लीलाधरचे घड्याळ आहे ना, मग वेळेवरून वाद नाही," असे लोक म्हणत. डाव संपला की ते स्वतः माझी चावी भरत आणि पंच्याने काच पुसत.

त्यांची मुलगी चारुलता माझ्याच समोर खेळ शिकली. लहान होती तेव्हा चाल विसरायची, पण बटण दाबायला विसरायची नाही. ते दिवस आठवले की अजून बरे वाटते.

मग तो आला. काळाकुळकुळीत, गुळगुळीत, पाठीला चमकीचे कव्हर. चारू अकरावीत गेली आणि मोबाईलवर एका मिनिटाचे डाव खेळू लागली. एका मिनिटात अख्खा डाव! तिथे बटण दाबायचे कष्ट नाहीत, वेळ आपोआप पालटते. समोरच्याची चाल व्हायच्या आत आपली चाल लावून ठेवता येते. प्रतिस्पर्धी कधी परदेशातला, कधी शेजारच्या गल्लीतला. मला कपाटावर ठेवले, मिक्सरच्या फुटक्या भांड्याशेजारी. माझी चावी भरायला कुणाला सवड नव्हती, त्याला मात्र घरातली माणसे जेवायच्या आधी चार्जिंगला लावत. त्याच्या काचेला चरा पडू नये म्हणून काचेवर आणखी एक काच चिकटवली होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

यंदा नवरात्राच्या आधी एक गोष्ट घडली. जळगाव विरुद्ध धुळे असा ऑनलाइन सामना ठरला, एका मिनिटाच्या डावांचा. जळगावच्या संघात मुलींसाठी एकच जागा होती. त्या जागेवर दोघींचा डोळा होता, आमची चारू आणि मुक्ताईनगरची उषा. संघाचे भूपेंद्र सर म्हणाले, महिनाभर सराव करा, मग एका रविवारी दोघींचे दहा डाव लावू, जी जास्त जिंकेल ती खेळेल. चारूला ती जागा इतकी हवी होती की ती जेवतानाही बोटाने ताटात चाली करायची.

पण सराव करूनही तिचा खेळ सुधारेना. कपाटावरून मला सगळे दिसत होते. हरली की ती रागाने लगेच दुसरा डाव सुरू करायची. त्यात हरली की तिसरा. रेटिंगचा आकडा घसरत जायचा, डोळे लाल व्हायचे, आणि आई लताबाईंशी ती उगाच वाकडे बोलायची. खोटे कशाला सांगू, मला आनंद होत होता. लाग म्हटले, आणखी लाग त्याच्या नादी.

लीलाधरभाऊंना मोबाईलवरचा खेळ फारसा कळत नाही, पण मुलगी कळते. एके दिवशी त्यांनी मला खाली काढले, चावी भरली, काटे पाच मिनिटांवर लावले आणि तिच्या पुढ्यात ठेवले. माझ्या छातीत नुसती धडधड. वाटले, आता पट निघेल, सोंगट्या निघतील.

ते म्हणाले, "चारू, हारली का याचं बटण दाबजो. झेंडा पडेपर्यंत दुसरा डाव खेळायचा नाई. तवढ्यात हारलेला डाव पाहून घे, काहून हारली ते."

"पप्पा, पाच मिनिटांत पाच डाव होतात," चारू कुरकुरली.

"आन् पाची हारते ना तू."

तर मित्रांनो, माझी नेमणूक झाली ती अशी. खेळायचे त्याच्यावर आणि थांबायचे माझ्यावर. याला म्हणतात आयत्या बिळात नागोबा! मी टिकटिक करून तिला शांत करायचे, तिने हरलेला डाव तपासायचा, चूक हेरायची, आणि शहाणी होऊन परत त्याच्याच मांडीवर जाऊन बसायचे. तिची प्रगती होऊ लागली. सुरुवातीच्या चाली ठरलेल्या असाव्यात, तिथे विचारात वेळ घालवू नये, हे तिला कळले. सर्वांत चांगली चाल शोधत बसण्यापेक्षा बरी चाल झटकन करावी, हेही कळले. आपल्या सोंगट्यांइतकेच समोरच्याच्या उरलेल्या सेकंदांकडे बघायला ती शिकली. रेटिंग वर चढू लागले. लताबाई शेजारणीला म्हणाल्या, "मोबाईलवर शिकून किती हुशार झाली पोरगी." मोबाईलवर! मी तिथेच बसलो होतो हो, टेबलावर.

दहा डावांच्या आदल्या संध्याकाळी माझा संयम संपला. चारू एक डाव हरली, तिने माझे बटण दाबले आणि मी चालू झालो. थोडा चाललो आणि बंद पडलो. आतले तेल सुकले होते असे नंतर लोक म्हणाले. मला विचाराल तर मी रुसलो होतो. नाही चालत जा, बघू आता तुझा तो लाडका काय करतो.

चारू डाव बघत होती. टिकटिक थांबल्याचे तिच्या लक्षातच आले नाही. झेंडा पडला नाही, म्हणून ती बघतच राहिली. तो डाव संपल्यावर तिने आधीचा काढला, मग त्याच्या आधीचा. लीलाधरभाऊ कामावरून आले तेव्हाही ती तशीच बसलेली. त्यांनी मला कानाशी धरले.

"आगं, हे तर बंद पडेल हाये."

"पप्पा, मला कळलंच नाही," ती म्हणाली. मग मोबाईल त्यांच्यापुढे धरला. "हे बघा. या सगळ्या डावांत मी जिंकत होते. समोरचा राजा कोपऱ्यात अडकला होता, आणि मी कापूस वेचतात तशी प्यादी वेचत बसले. वेचता वेचता माझीच वेळ संपली."

लीलाधरभाऊ हसले. "मंग उद्या वेचू नको. आज राहू दे आता, जेव."

रविवारी दोघी आपापल्या घरून मोबाईलवर खेळल्या. एक डाव अनिर्णित सुटला आणि नऊ डावांनंतर दोघी बरोबरीत होत्या. दहाव्या डावात चारूच्या वजिराला एका चालीत उषाच्या राजावर मात करता येत होती आणि बाजूला उषाचा एक हत्ती फुकटात मिळत होता. चारूच्या घड्याळात चार सेकंद उरले होते. लताबाईंनी पदर तोंडात धरला. मी टेबलावर मुकाट पडून होतो. माझ्या मनात आले, घे तो हत्ती, घे आणि हर. तिचे बोट हत्तीकडे निघाले, थांबले आणि वजिराकडे वळले. मात झाली.

मग काय, त्या मोबाईलचे कोण कौतुक! भूपेंद्र सरांचा फोन त्याच्यावर, मामाचा व्हिडिओ कॉल त्याच्यावर. लताबाईंनी चारूची दृष्ट काढली तेव्हाही तो तिच्या हातात होता, म्हणजे मीठमोहरी त्याच्यावरूनही उतरली. माझ्याकडे कुणी ढुंकून पाहिले नाही. घरात दसऱ्याची साफसफाई चालू होती आणि दाराशी भंगाराचे पोते बांधून ठेवले होते. मी समजून चुकलो.

दुसऱ्या दिवशी चारूने मला उचलले, पण पोत्यात टाकले नाही. दप्तरात घालून भुसावळला सुकदेवनानांच्या दुकानात नेले. नानांनी मला उघडले, आतली धूळ बघून च्यक् केले आणि म्हणाले, "पोरी, याचे पार्ट आता भेटत नाई. फोनात घड्याळ असते ना, ते लाव."

चारू म्हणाली, "नाना, फोन समोर असला की मी लगेच पुढचा डाव खेळते. मला थांबवणारं हे एकच आहे. काहीही करा, पण चालू करा."

नानांनी दाते साफ केले, तेल सोडले. मी चालू झालो. माझ्याने बंद राहवलेच नाही.

मित्रांनो, सामना आता चार दिवसांवर आलाय आणि मी परत टेबलावर आहे, त्याच्या शेजारी. माझा मत्सर गेला असे समजू नका. जिंकली की चारू अजून त्याच्याकडेच बघून हसते, आणि तेव्हा माझा जळफळाट होतो. हरली की मात्र ती माझ्याकडे बघते. तुमच्याही घरात असे कुणीतरी असेल, हरल्यावर ज्याच्याकडे तुम्ही बघता. त्याला अधूनमधून तेलपाणी करत जा.