रुख्मिणीच्या हाताला लागायचं ते

पट्टी काही चिकटेना. श्वेताने स्पिरिटच्या बोळ्याने दादाजींच्या उजव्या हाताचं पहिलं बोट पुन्हा पुसलं, फुंकर घातली आणि रबरासारखी मऊ, दुधी पट्टी नखापासून मुळापर्यंत अलगद दाबून बसवली.

"दुखतं का, काका?"

दादाजी नंदनवार नुसते पाहत राहिले. चाळीस वर्षं उमरेडला हातमागावर लुगडी विणलेला हा माणूस. दोन वर्षांपूर्वी लकव्याने उजवी बाजू गेली, सोबत वाचाही गेली. ऐकलेलं सगळं कळायचं, सांगता काही यायचं नाही.

"नाई दुखत त्यायले," त्यांची बायको रुख्मिणी म्हणाली.

इस्पितळाच्या कागदावर 'हातात हालचाल नाही' असं लिहिलेलं होतं. श्वेता इंजिनिअर होती. हवा भरली की बोटं मिटवणारा रबरी हातमोजा ती तयार करत होती. पण ज्याच्या हातात थोडी तरी हालचाल उरली आहे, त्यालाच तो उपयोगी होता. मागच्या खेपेला रुख्मिणीने तिला इस्पितळाच्या व्हरांड्यात गाठून सांगितलं होतं, "पोरी, यायचं बोट हालते. डोळ्याले दिसत नाई, पण माह्या हाताले लागते."

मुलगा रजत आजही तेच म्हणत होता. "आई, तुले भास होते. कायले त्यायले घेऊन फिरून राहिली? आज काही निघालं नाही तं आता बस."

श्वेताने संगणक सुरू केला. "या पट्टीत कार्बनची बारीक रेघ आहे. केसभर जरी ताणली, तरी तिच्यातला करंट बदलतो आणि इथे दिसतो. काका, बोट वाकवायचा प्रयत्न करा."

पडद्यावर हिरवी रेघ सपाट पडून होती. दादाजींच्या कपाळावर घाम आला. बोट लाकडासारखं तसंच.

मग रेघ उठली. इवलीशी, मुंगीएवढी. आणि खाली बसली.

रजत पुढे सरकला. "हात थरथरला असंन."

"थांबा. काका, मी म्हणेन तेव्हाच. आता." रेघ उठली. "सोडा." बसली. "आता." उठली. तिघंही बोटाकडे पाहत होते. बोट हललेलं कुणालाच दिसलं नाही.

श्वेताच्या मनात मात्र रुख्मिणीचं 'माह्या हाताले लागते' घोळत होतं. तिने पडदा स्वतःकडे फिरवला. "काकू, पडद्याकडे पाठ करून बसा. त्यांच्या बोटाला हात लावू नका. काका त्यांच्या मर्जीने करतील, केव्हा केलं ते तुम्ही सांगा."

रुख्मिणीने नवऱ्याच्या मनगटाच्या आतल्या बाजूला दोन बोटं टेकवली. डोळे मिटले.

"आता," ती म्हणाली. रेघ उठली. "आता… नाई, थांबले ते. दम घेऊन राहिले. आता."

आठ वेळा. आठही वेळा बरोबर. एकदा तर तिचा शब्द आधी आला आणि रेघ मागून.

ही पट्टी बनवायला श्वेताला तीन वर्षं लागली होती. ती खुर्चीत मागे टेकली. "काकू, हे कसं कळते तुम्हाले?" बोलता बोलता तिची घरची बोली बाहेर आली.

"जन्म मागाच्या कांड्यांवर सूत भरण्यात गेला, पोरी. धागा तुटाच्या आधी तानते. बोटाले समजते ते." रुख्मिणी लाजून हसली. "तुह्या मशीनले बी समजलं, चांगलं झालं. माहं कोनी आयकत नव्हतं."

रजतने खाली वाकून आईची सरकलेली चप्पल तिच्या पायाजवळ नीट ठेवली आणि बाहेर जाऊन उभा राहिला.

श्वेताने कागदावरची जुनी ओळ खोडली. तिच्या खाली काय लिहावं, यावर ती बराच वेळ पेन धरून बसली.

उमरेडच्या गाडीची वेळ होत आली होती. रुख्मिणी सवयीने पिशवी उचलून उठली, आणि थबकली. दोन वर्षं जेवण, अंघोळ, झोप, सगळं तीच ठरवत आली होती. ती नवऱ्यापुढे वाकली.

"आयकता का? घरी जायचं, का अजून करून पाहाचं? कराचं असंन तं बोट हालवा."

ती वाट पाहू लागली. श्वेता पडद्याकडे पाहत होती. रुख्मिणी मात्र नवऱ्याच्या चेहऱ्याकडे.

रेघ उठली.

रुख्मिणीने पिशवी खाली ठेवली, पदर सारखा केला आणि ती परत स्टुलावर बसली.