उदगीरच्या तांबड्या गाडीला आलेला संशय

मित्रांनो, या, जवळ बसा. पण बोनेटला हात लावू नका. मी एक जुनी तांबडी गाडी आहे. परदेशी बनावटीची, अंगात बळ दांडगं, आणि स्वभाव म्हणाल तर भारी संशयी. माणसाचा हात पुढं आला की हा काय काढून नेणार, हेच आधी मनात येतं.

जन्मतः काही मी अशी नव्हते. लखलखत्या कारखान्यात माझी पहिली धाव बघून माणसांनी टाळ्या वाजवल्या होत्या. मग हैदराबादच्या एका बड्या घरात आले. तिथं आधी कौतुक झालं, मग पोरांनी मला तापवतापवून पळवलं आणि शेवटी विकून टाकलं. दलालानं माझ्या काट्यावरचे किलोमीटर मागं फिरवले, खरचटल्या अंगावर रंग मारला आणि गिऱ्हाइकांना सांगू लागला, "एका डॉक्टरांनी फक्त रविवारी चालवलीय." मी मुकाट ऐकत होते. काय करणार, मला हॉर्न दिलाय, जीभ नाही दिली!

एके दिवशी उदगीरचा राजशेखर मला बघायला आला. त्याच्या घरची डाळमिल. सोबत शाळेपासूनचा मित्र प्रीतम, नांदेड रोडला त्याचं गॅरेज. प्रीतम माझ्याखाली सरपटत गेला, बाहेर येऊन म्हणाला, "राजा, काटा फिरवलेला हाय. पण इंजिन चांगलं हाय. घ्यायचीच तर भाव पाडून घे." मग तो दलालाला कोपऱ्यात घेऊन काहीतरी कुजबुजला. झालं! हाही त्यातलाच, अशी माझी खात्री झाली.

उदगीरला आले आणि खर्च सुरू झाला. टायर हैदराबादहून मागवायचे, तेलही साधं चालत नाही, आणि प्रत्येक गतिरोधकाला पोट घासायचं. राजशेखरचे वडील गुरुपादप्पा, सगळे त्यांना आप्पा म्हणत. ते वैतागून म्हणायचे, "ही गाडी हाय का जावई? सारखा मानपान करून राहिलोय हिचा."

पण माया आप्पांचीच जास्त. दर अमावास्येला ते आंघोळ करून, कपाळी भस्म लावून येत. बोनेट उघडत, माझ्या इंजिनावर भस्माचे तीन पट्टे ओढत, नारळ फोडत आणि त्याचं पाणी माझ्यावर ओतत. "घे बाई, गार हो," म्हणत. मिलच्या जुन्या ऑइल इंजिनाची पूजा त्यांनी जन्मभर अशीच केली होती आणि ते इंजिन कधी अडलं नव्हतं. इतक्या हातांत तेवढ्या एकाच हाताचा मला संशय आला नाही.

पुढं माझी तब्येत बिघडली. चालता चालता झटके मारायचे, समोर पिवळा दिवा लागायचा. प्रीतमनं इंजिनात ठिणगी पाडणारी एक कॉइल बदलली, महिन्यानं पुन्हा तेच. दुसरी बदलली, पुन्हा तेच. आतला गंज पाहून त्यानं विचारलंसुद्धा, "राजा, इंजिन धुतूस का रे पाण्यानं?" राजशेखर म्हणाला, "न्हाई बा." तो खोटं बोलत नव्हता. पूजेला धुणं कोण म्हणतं?

शिरूर अनंतपाळला लग्नाला निघालो तर मी भर रस्त्यात बसले. रेशमी कपड्यांतली सगळी मंडळी घामाघूम, आणि एसटीतून लोक हसत पुढं गेले. शेजारच्या मलप्पा दुकानदारानं संध्याकाळी आप्पांच्या कानाला लागून म्हटलं, "नवा पार्ट महिन्यात जातोय व्हय? मूळचा काढून इकला असंल त्या प्रीतमनं. दलालाशी बी त्याचंच साटंलोटं." आप्पांच्या मनात ते रुतलं. खरं सांगू? मलाही पटलं. तो कोपऱ्यातला दलाल मी कुठं विसरले होते!

आप्पांनी मिलचे ट्रक प्रीतमकडं पाठवणं बंद केलं. आप्पांनी पाठ फिरवली म्हटल्यावर बाजारानंही फिरवली. गॅरेज ओस पडू लागलं. मग एका सकाळी आप्पांनी प्रीतमला अंगणात बोलावून शपथेसाठी ताटात बेल-भंडार ठेवला.

"चोरी केली न्हाईस तर उचल."

प्रीतमचा चेहरा पांढरा पडला. त्यानं राजशेखरकडं पाहिलं. राजशेखरनं मान खाली घातली.

"उचलतो, आप्पा. तुमच्या गाडीतला एक खिळा बी मी नेला न्हाई. पण मित्राच्या दारात शपथ घ्यायची पाळी आणलीत. आता ह्याच बेलावर सांगतो, पुन्हा ह्या फाटकाच्या आत पाय ठेवणार न्हाई."

बेल उचलून तो गेला. घरात त्या दिवशी कुणी धड जेवलं नाही.

पुढच्या अमावास्येला पुन्हा माझी पूजा झाली. दुसऱ्या दिवशी राजशेखरची आई रत्नम्मा अंगण झाडत होती. तिला माझ्या चाकावरून बोनेटात शिरणारी मुंग्यांची रांग दिसली. "राजा, हिच्यात गोड काय ठिवलंय रे?" तिनं हाक मारली. राजशेखरनं इंजिनावरचं झाकण काढलं. आत चिकट थर, वायरींच्या टोकांना हिरवा गंज, आणि मुंग्याच मुंग्या. रत्नम्मानं बोट लावून वास घेतला.

"अय्यो शिवा! ह्ये नारळाचं पाणी हाय. अहो, तुमीच पाजून राहिलाव हिला दर अवसेला!"

"पर मिलच्या इंजिनाला तर काय झालं न्हाई कधी..." आप्पा म्हणाले.

"ते लोखंडाचं धूड. हिच्यात नुसती वायरींची गुंतवळ!"

आप्पा खाली बसले. पहिल्यांदाच मला त्यांच्या हातांची भीती वाटली, अन् कीवही आली. मग ते उठले, ताटात बेल-भंडार घेतला आणि भर बाजारातून चालत प्रीतमच्या गॅरेजवर गेले. वाटेत मलप्पाच्या दुकानासमोर मुद्दाम थांबून म्हणाले, "चोर प्रीतम न्हाई. गाडी माझ्या हातानं बिघडली." गॅरेजवर बेल उचलून प्रीतमची माफी मागितली, हे परत येऊन रत्नम्माला सांगताना त्यांना रडू आवरेना.

प्रीतम आला. पण फाटकाबाहेरच उभा राहिला. राजशेखर म्हणाला, "आत ये की रे." तो म्हणाला, "गाडी बाहेर ढकल. मी बेल उचललाय, राजा."

तेव्हापासून माझी दुरुस्ती रस्त्यावरच होते. मिलचे ट्रक पुन्हा त्याच्याकडं जातात. त्यानं मला कोरड्या फडक्यानं पुसून नीट केलं. त्याच्या हातानं माझं काहीच नेलं नव्हतं, आणि दलालाशी कोपऱ्यातली ती कुजबुजही माझा भाव पाडण्यासाठीच होती.

मित्रांनो, माया करायची तर जिच्यावर करता तिला काय सोसतं ते आधी बघा. आणि कुणाला चोर म्हणण्याआधी बोनेट उघडून बघा. माझ्या वायरी नव्या मिळाल्या. पण आजही अमावास्येला आप्पा पायरीवर नारळ फोडतात, खोबऱ्याचा तुकडा घेऊन फाटकाशी येतात, "आत ये, बाळा," म्हणतात. आणि प्रीतम बाहेरूनच हात पुढं करतो.