काचेआडची मिरची

…तांदळाच्या दाण्याहून जराशी मोठी, हिरवी, चकचकीत, आणि टोकाला वाळक्या पाकळ्यांचं कडं अजून अडकलेलं, झोपेत घसरलेल्या टोपड्यासारखं. डोळ्यात भिंग बसवून तो इतका खाली वाकला होता की कुंडीतल्या ओल्या मातीचा वास थेट नाकात शिरत होता. श्वास मात्र रोखलेला. तेहतीस वर्षं घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाला श्वास रोखायची सवय असतेच. पण आज ती सवय नव्हती, आपल्या उच्छ्वासानं हा दाणा गळून पडेल अशी भाबडी भीती होती… देठ? देठ हिरवा आहे. पुन्हा पाहिलं. हिरवाच आहे.

गेले तीन आठवडे फुलं येत होती. पांढरी, मान खाली घातलेली, आत निळसर परागकोश. आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी देठ पिवळा पडायचा नि फूल फरशीवर. रोज सकाळी तो ती गळलेली फुलं वेचायचा आणि बायको उठायच्या आत कचऱ्याच्या डब्यात तळाशी सारायचा. का? फुलं गळली त्यात आपला काय दोष? पण सारायचा खरा. ही मात्र फूल नव्हती. ही मिरची होती.

“मिरची लागली!” तो ओरडला.

“कोणाला?” स्वयंपाकघरातून बायको म्हणाली. “मी तर अजून काही बोललेच नाही.”

“झाडाला गं! ये इकडे आधी.”

ती हात पुसत आली. एकतीस वर्षं रुग्णालयात परिचारिका होती, गेल्याच वर्षी निवृत्त झाली. कुठेही वाकून पाहायची तर आधी चष्मा कपाळावर सारून डोळे बारीक करायचे, ही तिची रीत. तिनं मिरची पाहिली. मग त्याच्याकडे पाहिलं, भिंग डोळ्यात तसंच, चेहराभर हसू…

“वजन कमी आहे,” ती गंभीरपणे म्हणाली, “पण तब्येत चांगली दिसते. चहा निवलाय तुमचा.”

दुकानाकडे चालताना तो मनातल्या मनात हसतच होता. समोरून येणारी माणसं त्याच्याकडे बघून उगाच हसत होती. स्वयंपाकघरातल्या डब्यातली एक वाळकी लाल मिरची फोडून त्यानं बी पेरलं होतं, दहांतली सहा रोपं जगली, चौथ्या मजल्यावरच्या काचेनं बंद केलेल्या बाल्कनीत गुडघ्याएवढी झाली. का पेरलं होतं बी? विरंगुळा म्हणून, असं तो सगळ्यांना सांगायचा. विरंगुळा कशापासून, हे कोणी विचारलं नाही, बरं झालं…

पाच महिन्यांपूर्वीची ती दुपार. चिमट्यातून स्क्रू उडाला. स्क्रू उडतातच. दुसऱ्या दिवशी पुन्हा उडाला, आणि त्यानं पाहिलं की चिमट्याचं टोक थरथरतंय. हात मांडीवर ठेवला तर शांत, अगदी निरागस. बारीक काही उचलायला गेलं की सुरू. त्यानं मनगट डाव्या हातानं धरून पाहिलं, कोपर टेबलाला टेकवून पाहिलं. मग तो एकेक करून मनगटी घड्याळं मागे सारू लागला, भिंतीवरची पुढे घेऊ लागला, आणि गिऱ्हाइकांना “पुढच्या आठवड्यात” म्हणू लागला. कुणाला सांगितलं नाही. घड्याळजीचा हात थरथरतो हे सांगायचं तरी कसं—गवयानं आवाज गेला म्हणावं तसं—छे! इतकं काही नाही. पण जवळजवळ तसंच.

रोपवाटिकेतल्या बाईंनी सांगितलं होतं, “काचेआड वारा नाही, माश्या नाहीत, मग फूल हलवणार कोण? मिरचीच्या फुलात सगळं आतच असतं, नरही नि मादीही. फक्त हलवायला हवं.” तो ब्रश घेऊन बसला होता, घड्याळातली धूळ झाडायचा मऊ ब्रश. फुलाजवळ नेला, आणि हात… तिथेही! झाडासमोरसुद्धा! पिवळसर भुकटी त्याच्या नखावर सांडली. त्यानं ब्रश कोपऱ्यात भिरकावला आणि बराच वेळ कुंड्यांकडे पाठ करून बसला.

त्यानंतर तीन दिवसांनी त्या झाडावरची बाकी सगळी फुलं गळली. ज्या दोन फुलांना तो थरथरता ब्रश लागला होता तेवढीच राहिली.

मग रोज सकाळी दहाच्या सुमारास, ब्रशबिश काही न घेता, फुलामागचा देठ दोन बोटांत हलकेच धरायचा आणि हाताला म्हणायचं, कर बाबा तुला काय करायचंय ते. दिवसभर दामटून ठेवलेला हात तिथे मोकळा सुटायचा. फूल थरथरायचं. त्यानं याचा नीट विचार मात्र कधी केला नव्हता. विचार केला तर ते मोडेल असं वाटायचं. आज चालता चालता, भर रस्त्यात, तो विचार पुरता झाला: ती मिरची माझ्या हाताच्या थरथरीनं धरली आहे. मी थांबलो. मागून येणारा सायकलवाला चिडून घंटी वाजवत वळसा घालून गेला, आणि मला त्या घंटीचाही राग आला नाही.

दुपारी बारा वाजता त्या आल्या, निवृत्त मुख्याध्यापिका, आईचं नाजूक मनगटी घड्याळ दुरुस्तीला दिलेल्या. तीनदा “पुढच्या आठवड्यात” ऐकून गेलेल्या. त्यानं खणातून घड्याळ काढलं. मागचं झाकण उघडलेलंच होतं. आत केसासारखी स्प्रिंग, पाच महिन्यांपूर्वी त्यानं डोळे मिटूनही बसवली असती अशी. पुढच्या आठवड्यात, हे शब्द ओठांवर आले. आणि बाहेर पडले ते वेगळेच.

“बाई, माझा हात थरथरतो. एवढं बारीक काम आता माझ्याच्यानं व्हायचं नाही.”

काउंटरवर बसलेल्या भागीदारानं मान वर केली. भिंतीवरची सगळी घड्याळं एकदम मोठ्यानं चालू लागली, निदान त्याला तसं वाटलं.

“म्हणजे घड्याळ बरं आहे?” बाईंनी विचारलं.

“घड्याळ उत्तम आहे. बिघाड माझ्यात आहे.”

“अहो, मग आधी नाही का सांगायचं! मला वाटलं, आईचं घड्याळ गेलं आणि तुम्हाला सांगवत नाहीये. दोन महिने झोप नाही मला!” त्या हसायलाच लागल्या, डोळे पुसत. तोही हसला. म्हणजे दोघं एकमेकांना जपत होतो तर… स्टेशनामागच्या दुरुस्तीवाल्या बाईंचा पत्ता त्यानं स्वतःच लिहून दिला. अक्षर वाकडं आलं. येऊ दे.

त्या गेल्यावर भागीदार म्हणाला, “कधीपासून?”

“पाच महिने झाले.”

“आणि मी रोज तुझ्या समोर बसतो. गाढव आहे मी.” थोडा वेळ तो काउंटरची काच पुसत राहिला, स्वच्छ होती तरी. “भिंतीवरची जमतात ना तुला?”

“जमतात.”

“मग झालं! गावात भिंती काय कमी आहेत?”

संध्याकाळी घरी आल्यावर चपला काढता काढताच त्यानं बायकोला सांगून टाकलं, कारण आत जाऊन बसलो तर पुन्हा धीर होणार नाही हे त्याला ठाऊक होतं.

“माहितीय,” ती म्हणाली.

“माहितीय? कधीपासून?”

“तुम्ही मला सुईत दोरा ओवून द्यायचं बंद केलंत तेव्हापासून.”

“मग बोलली का नाहीस?”

“पेशंटनं आपणहून सांगावं लागतं. आपण सांगितलं तर कबूल करत नाही.” ती हे इतक्या सहज म्हणाली की त्याला तिचा राग यायला हवा होता, आला नाही. तिनं त्याचा हात आपल्या हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, नाडी बघितल्यासारखं केलं आणि मग नुसताच धरून ठेवला. “उद्या डॉक्टरांची वेळ घेऊ?”

“घे. पण दहाची नको. दहाला मला फुलं हलवायची असतात.”

“वा! साहेबांच्या सवडीनं,” ती म्हणाली, आणि तिचा आवाज किंचित कापला. भरून आल्यानं की हसण्यानं? कळलं नाही.

चहा आणला तिनं, काठोकाठ भरलेला. किती तरी दिवसांत त्यानं भरलेला कप घेतला नव्हता, अर्धाच दे म्हणायचा, आता भूक मरेल म्हणून. बशी हातात आली आणि कप किणकिणायला लागला. दोघंही ते ऐकत राहिली. थोडा चहा सांडला, बशीत, मग बोटांवर, चटका बसण्याइतका गरम. डॉक्टर उद्या काय म्हणतील, माहीत नाही. कदाचित काहीच म्हणणार नाहीत, कदाचित असं काही म्हणतील की… असू दे, ते उद्या. आत्ता मला नुसतं बोलायचंय. स्क्रूबद्दल, रस्त्यातल्या सायकलवाल्याबद्दल, हसताना बाईंचे डोळे कसे भरून आले त्याबद्दल. पाच महिन्यांचं साठलंय, घशापर्यंत आलंय, आणि ती समोर हनुवटीखाली हात घेऊन बसली आहे, कुठं जायची घाई नसल्यासारखी, आणि कुठून सुरुवात करावी तेच कळत नाहीये—

“अगं, ऐक ना,” मी म्हणालो.