हवालदारांची डबी

नाथाजी हवालदारांनी इकडेतिकडे पाहिलं, कोटाच्या खिशातून पत्र्याची डबी काढली आणि बायकोच्या उशाखाली सरकवली. मिसरीच्या डबीएवढीच होती, पण आतला ऐवज वेगळा होता.

"ही तुजी म्हनून दे," ते पुटपुटले. "आन् तुजी संडासात टाकून ये."

"आवं, काय ह्ये! लाज कशी वाटंना तुमास्नी?"

"लाजत बस मंग. मुक्तीचं पोर रांगाय लागल्यावर ये घरला."

आवेनं हैराण होऊन हरणाबाई सांगलीच्या या दवाखान्यात आल्या होत्या. आव थांबली, अंगात ताकद आली, पण तपासणीला नमुना दिला की जंतू निघतच होते. आणि तिकडे कडेगावाजवळच्या मळ्यात लेक मुक्ता पहिल्या बाळंतपणाला येऊन बसली होती. घरात तान्हं बाळ येणार, तेव्हा नमुना स्वच्छ आल्याशिवाय बाईंना सोडणार नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. आई सांगलीत आणि लेकीला कळा सुटल्या तर? या विचारानं हरणाबाईंच्या घशाखाली घास उतरत नव्हता. शेवटी त्यांनी ती डबी पदराखाली घेतली.

हवालदारांना आपल्या मालाची पुरेपूर खात्री होती. पलटणीत असताना ते एकदाही आजारी म्हणून नाव सांगायला गेले नव्हते. पेन्शनीत आल्यावरही पोट कसं शिस्तीत होतं, आणि त्याचं सगळं श्रेय ते ट्रंकेतल्या जंतू मारायच्या लाल-काळ्या कॅप्सुलांना देत. लग्नात जेवले की एक. म्हसवडच्या जत्रेहून आले की एक. नुसतं गुडगुडलं तरी एक. शेजारच्या रंगुबाईचं पोट दुखलं, तर कॅप्सूल उघडून निम्मी पूड तिला आणि निम्मी स्वतःला, कारण चांगली वस्तू एकट्यानं खायची त्या घराची रीत नव्हती. गाव त्यांना निम्मा डॉक्टर म्हणायचं. हवालदारांना ते जरा कमीच वाटायचं.

दोन-तीन दिवसांनी डॉक्टर स्वतः वॉर्डात आले. तरुण माणूस, चेहरा काळजीचा. हातात काचेची झाकलेली बशी होती. बशीत जंतूंचा पिवळट थर आणि त्यावर औषधांत भिजवलेल्या कागदाच्या बारक्या टिकल्या.

"हे बघा. जे औषध लागू पडतं, त्याच्या टिकलीभोवती जंतू मरतात, तिथं जागा मोकळी दिसते. बाईंच्या मागच्या नमुन्यात दोन टिकल्या तरी मोकळ्या होत्या. आता एकही नाही. पार टिकलीला चिकटून वाढलेत. इतक्यात एवढे निगरगट्ट कसे झाले, मला कळत नाही."

हवालदारांनी बशीत डोकावून पाहिलं आणि मग छताच्या कौलांत त्यांना एकदम फार रस वाटू लागला.

"मग आता वो?" हरणाबाईंनी विचारलं.

"एक इंजेक्शन उरलंय. जालीम आहे. मूत्रपिंडाला त्रास होऊ शकतो. ऐकूही कमी येऊ शकतं."

"आयकू कमी आलं तर चालंल. ह्यांचं बोलनं तेवढंच कमी कानावर पडंल. पन मला लेकीकडं सोडा."

बोलता बोलता त्यांनी नवऱ्याकडे एकदा नीट बघून घेतलं. नवरा अजून कौलंच बघत होता. सिस्टर सुई उकळून घेऊन आल्या. हरणाबाईंनी चोळीची बाही वर सारली. आपली लबाडी झाकायला ही बाई बहिरी व्हायला निघाली आहे, हे दिसताच हवालदारांना आतून भडभडून आलं. ते उठले आणि सवयीनं त्यांच्या टाचा जुळल्या.

"थांबा सायेब. त्यो माल माजा हाय."

डॉक्टरांना आधी काही उमगेना. उमगलं तेव्हा सिस्टर तोंडावर हात दाबून बाहेर पळाल्या. डॉक्टर मात्र हसले नाहीत. त्यांनी खोदून खोदून विचारलं, आणि हवालदारांनी ट्रंकेतल्या कॅप्सुलांची हकीकत सांगितली. सांगतानाही आवाजात थोडा रुबाब होताच.

"हवालदार, तुम्ही जंतू मारले नाहीत," डॉक्टर म्हणाले. "एक आज, अर्धी उद्या, असं करून कच्चे होते तेवढे काढून टाकलेत आणि उरलेल्यांची परेड घेतलीत. आता ते कुठल्या औषधाला भीत नाहीत."

"पन मला तर कायबी हुईत न्हाई."

"तुम्हाला नाही होत. तुमच्या हातचं खाणाऱ्याला होईल. सध्या घरी भाकरी कोण करतं?"

"मीच की. पोटुशी पोर हाय, तिला न्हाई बसवत चुलीम्होरं."

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं. हवालदारांनी आपले दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिले. त्या दिवशी जन्मात पहिल्यांदा ते घाबरले, आणि ते कुणापासून लपलं नाही.

हरणाबाईंचा खरा नमुना तपासला, पुन्हा तपासला, तो स्वच्छ निघाला. त्या घरी पोचल्या आणि चारच दिवसांत मुक्ताला मुलगी झाली. दोघी सुखरूप. हवालदारांना मात्र डॉक्टरांनी घरच्या घरी शिक्षा दिली होती. नमुना स्वच्छ येईपर्यंत चुलीला हात लावायचा नाही, बाळाला उचलायचं नाही आणि कॅप्सूल तर बिलकूल घ्यायची नाही. औषध न घेणं हेच औषध. रोज दहा वेळा साबणानं हात धुऊन ते सोप्यात बसायचे आणि आतून येणारा नातीचा टाहो ऐकायचे. रंगुबाई अर्धी कॅप्सूल मागायला आली, तर तिला त्यांनी साबणाची अख्खी वडी दिली.

पुढचा नमुना द्यायच्या सकाळी ते एसटीला निघाले. खिशात डबी होती. हरणाबाई नातीला घेऊन उंबऱ्यात आल्या. त्यांच्या मोकळ्या हातातही एक डबी होती.

"आज ही न्या," त्या हळूच म्हणाल्या. "माजी हाय. तवा तुमची मी न्हेली, आता माजी तुमी न्या. दोन-तीन दिसांत पोर मांडीवर घ्याल."

दुपट्यातून एक मूठ बाहेर आली होती. नात जांभई देत होती, आणि जांभई तिच्या तोंडाला मोठी होत होती. हवालदारांचे हात आपोआप पुढे गेले. मग त्यांनी ते मागे घेतले आणि पाठीशी गच्च धरले.

"नगं," ते म्हणाले. "माजी मीच न्हेतो. तू तिला उजेडात धर. हितनंच बगतो."

हरणाबाईंनी नात उजेडात धरली. हवालदारांनी पोटभर बघून घेतलं आणि ते वाटेला लागले. उसाच्या आड त्यांचा फेटा दिसेनासा झाला, तशा हरणाबाई नातीला मांडीवर घेऊन उंबऱ्यातच टेकल्या. त्यांनी हातातल्या डबीचं झाकण काढलं, चिमूटभर मिसरी तळहातावर घेतली आणि निवांत दात घासायला लागल्या.