वहीत नसलेले फोटो

"चाकांना हात कोणी लावला, रेणुका?"

रेणुकाने शिलाई मशीन थांबवलं. शिवमूर्ती हालकुडे स्टुडिओच्या आतल्या खोलीच्या दारात उभे होते. हातात त्यांचा दोन भिंगांचा जुना जपानी कॅमेरा होता, आणि तो त्यांनी तिच्यापासून जरा लांबच धरला होता.

"कोणत्या चाकाला, काका?"

"ह्या. रोज जाताना मी स्पीड एकशे पंचवीसला ठेवतो आणि अपर्चर आठला. आज तीस आणि चार हाय. शिवाय फोटोंचा आकडा आठवर गेलाय. पाचवर पाहिजे होता."

अहमदपूरच्या जुन्या बाजारपेठेतला हा स्टुडिओ त्यांनी एकावन्न वर्षं चालवला होता. आता पासपोर्टचे फोटो डिजिटल कॅमेऱ्यावर निघत. पण हा कॅमेरा त्यांनी सोडला नव्हता. पुण्याहून कुरिअरने रोल मागवत, एकेक रोल बारा फोटोंचा. कॅमेऱ्याच्या पुढच्या अंगाला दोन चाकं होती. एक फिरवलं की पडदा किती वेळ उघडा राहणार ते ठरे, दुसऱ्याने भिंगाचं तोंड लहानमोठं होई. प्रकाश मोजायचं यंत्र त्यांनी कधी घेतलं नाही. समोरच्याच्या कपाळाकडे एकदा बघायचे आणि दोन्ही चाकं फिरवायचे. फोटो काढला की वहीत नोंद करत: नंबर, नाव, स्पीड, अपर्चर.

वहीत चारच नोंदी होत्या.

रेणुका स्टुडिओच्या पुढच्या भागात ब्लाऊज शिवी, साड्यांना पिको-फॉल करी. नवरा वारल्यावर शिवमूर्तींनीच तिला ती जागा दिली होती. त्याला नऊ वर्षं झाली. दुकानाच्या दोन चाव्या होत्या, एक त्यांच्याकडे आणि एक तिच्याकडे.

"काका, काल तुमीच न्हाई का माझा फोटू काढला?" ती म्हणाली. "मनिषाला नांदेडला क्वार्टर मिळालं, तिला भिंतीवर लावायला आईचा फोटू पाहिजे होता. खिडकीपाशी बसवलं मला. हनुवटी खाली घे म्हणलात. तीनदा बटण दाबलं."

शिवमूर्ती तिच्याकडे बघत राहिले. खोटं बोलणारा माणूस इतकं बारीकसारीक सांगतो, असं त्यांना वाटलं.

"मी काढलेला फोटो मी विसरीन?"

"आता काय सांगू..."

"वहीत न्हाई."

"वहीत तुमी लिहिलं नसंल."

"एकावन्न वर्षांत एक फोटो वहीबाहेर न्हाई गेला, रेणुका. तो लातूरचा माणूस आला होता, जुने कॅमेरे जमा करणारा. तूच म्हणलीस, द्या की काका, नुसता पडून हाय. म्हणलीस का न्हाई?"

"म्हणले. तुमचे हात दुखतेत म्हणून म्हणले."

"त्याला दाखवायला काढला होतास का बाहेर? चालतो का न्हाई बघायला तीन फोटो मारले?"

मशीनखाली अर्धवट शिवलेला ब्लाऊज होता. रेणुकाने दोरा तोडला, ब्लाऊज घडी करून पिशवीत ठेवला. मग पर्समधून चावी काढून त्यांच्या टेबलावर ठेवली. संध्याकाळी तिचा भाऊ टेम्पो घेऊन आला आणि मशीन कंधारला घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी शिवमूर्तींनी कुलूप बदललं. एकच चावी ठेवली आणि ती करदोट्याला बांधली.

आठवडाभराने सकाळी दुकान उघडलं, तर कॅमेरा स्टँडवर लावलेला. स्पीड चारवर. अपर्चरही चारवर. आकडा नऊ.

त्यांनी कुलूप तपासलं. मागच्या खिडकीचे गज एकेक करून हलवून पाहिले. शेजारच्या कापड दुकानदाराला विचारलं, "कोणी आलं होतं का हितं?" तो न्हाई म्हणाला, तेव्हा तोही मिळालेला असेल अशी शंका त्यांच्या मनात येऊन गेली. कुलूपवाल्याने दुसरी चावी ठेवून घेतली असेल. रेणुकाचा भाऊ टेम्पो घेऊन आला तेव्हा आतपर्यंत येऊन गेला होता.

पुरावा कॅमेऱ्याच्या पोटातच आहे, हे ध्यानात आल्यावर त्यांनी उरलेला रोल तसाच गुंडाळला आणि अंधाऱ्या खोलीत जाऊन धुतला. ओली पट्टी दिव्यासमोर धरली.

पहिले चार फोटो त्यांच्या ओळखीचे होते. पाच, सहा, सातमध्ये रेणुका होती. खिडकीपाशी, काठाच्या साडीत, हनुवटी जराशी खाली. सातव्यात ती कशाला तरी हसत होती.

आठव्यात माणूस नव्हतं. दुकानाचा पुढचा कोपरा होता. फरशीवर मशीनच्या पायांचे चार फिकट ठसे, भिंतीला खिळा, खिळ्याला विसरून राहिलेली मोजपट्टी.

मशीन गेल्यानंतरचा फोटो. नव्या कुलपाच्या आतला.

तो कोपरा दिवसाही अंधारा असे. तरी फरशीवरची धूळसुद्धा दिसत होती आणि भिंत कुठे काळवंडली नव्हती. तिथे किती उजेड येतो आणि पडदा किती वेळ उघडा ठेवावा लागतो, हे ठाऊक असलेला माणूस गावात एकच होता. शिवमूर्ती पट्टी धरून स्टुलावर बसले. तो फोटो काढल्याचं आठवायचा त्यांनी पुष्कळ प्रयत्न केला. काहीच आठवलं नाही.

सातव्या नंबरचा मोठा फोटो करून ते कंधारला गेले. भावाच्या घराच्या ओसरीवर रेणुका मशीन मांडून बसली होती. तिने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. फोटो हातात घेऊन ती बराच वेळ बघत राहिली.

"चांगला आलाय," ती म्हणाली.

"तू खरं बोलत होतीस. मीच काढला. माझ्या ध्यानात राहिलं न्हाई. अजूनबी आठवत न्हाई. तुला चोर ठरवलं मी. चल परत. जागा तशीच हाय."

"न्हाई काका. हितं बाया यायला लागल्यात आता." तिचा आवाज चढला नाही. "राग न्हाई. पण तुमी चावी उचलून खिशात टाकली, ते म्या बघितलं. नऊ वर्षांनंतर."

शिवमूर्तींनी मान हलवली. उठायला लागले आणि थबकले. ओसरीच्या दोन्ही बाजूंना रस्ता जात होता. ते एकीकडे बघायचे, मग दुसरीकडे.

रेणुकाने ते पाहिलं. "थांबा, मलाबी तिकडंच काम हाय," म्हणत तिने चपला घातल्या.

बसस्टँडवर ती त्यांच्यासोबत गाडीत चढली. खिडकीजवळची जागा बघून त्यांना बसवलं आणि कंडक्टरजवळ गेली. "दादा, काकांना अहमदपूरला उतरवा. बसल्या बसल्या डोळा लागतो त्यांचा. सांगाल ना आठवणीनं?"

कंडक्टरने वळून पाहिलं. शिवमूर्ती टक्क जागे होते.

"हाव," ते म्हणाले, "लागतो डोळा."